संग्रह फोडू नकोस

तुझं पत्र काल मिळालं. तुमच्या दिवंगत सरांच्या घरून आलेली पुस्तकांची कपाटं तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन पडली आहेत. वरून सांगितलंय की डुप्लिकेट बाजूला काढा, उरलेली पुस्तकं विषयवार रॅकवर लावा, वह्या-कागद खोक्यात भरा. आणि हे सगळं नॅकची, म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी, टीम यायच्या आत. तू लिहितेस की हात धजत नाही, पण का ते सांगता येत नाही. ते सांगता आलंच पाहिजे, नाहीतर बैठकीत तुझं कुणी ऐकणार नाही.

संग्रह फोडू नकोस. बाकी सगळं याच्यानंतर.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या सरकारी हस्तलिखित संग्रहाचे क्रमांक एकदा नीट बघ. मुंबई सरकारने १८६०च्या दशकापासून पोथ्या गोळा करायला लावल्या. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, स्वतः रामकृष्ण भांडारकर अशा संस्कृतच्या पंडितांनी त्या जमवल्या. पोथीच्या क्रमांकात ती कोणत्या वर्षाच्या संग्रहातली, हेही असतं. १९१८ मध्ये हा संग्रह डेक्कन कॉलेजातून भांडारकर संस्थेकडे आला, तेव्हा कुणाला तरी सगळं नव्याने विषयवार लावावंसं वाटू शकलं असतं. पण जुने क्रमांक टिकले. म्हणून १८७५-७६ हे साल दिसलं की अभ्यासकाला आजही कळतं, ही ब्यूलरच्या काश्मीरच्या दौऱ्याच्या वर्षातली पोथी, आणि तो त्या दौऱ्याचा ब्यूलरचा अहवाल उघडतो. त्या एका क्रमांकामुळे शंभर वर्षांनंतरच्या माणसाची वाट सोपी झाली.

उलट दक्षिणेत हस्तलिखितं जमवणाऱ्या कॉलिन मॅकेन्झी या इंग्रजी अमदानीतल्या सर्वेक्षकाचं बघ. १८२१ मध्ये तो वारला, ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा संग्रह विकत घेतला आणि मग त्याची वाटणी झाली. काही लंडनला, काही मद्रासला. एकाच माणसाने, एकाच हेतूने जमवलेलं साहित्य आज वेगवेगळ्या शहरांतल्या याद्या समोर ठेवून मनातल्या मनात जुळवावं लागतं.

ही उदाहरणं मोठी आहेत, आमच्या सरांचा संग्रह तेवढा कुठे, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. मी कनिष्ठ असताना एका ग्रंथालयात भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांची पुस्तकं आली आणि महिनाभरात ती रॅकवर पांगली. एकही पुस्तक हरवलं नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येकाचा क्रमांक आहे. वर्षांनी त्यांच्यावर काम करणारी मुलगी आली. कोकणीच्या व्याकरणाकडे ते कसे वळले, तेव्हा त्यांच्या टेबलावर काय काय होतं, हे तिला हवं होतं. पुस्तकं सगळी आमच्याकडेच होती, पण त्यांची कोणती आणि ग्रंथालयाची आधीची कोणती, हे सांगायची सोय उरली नव्हती. ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

डुप्लिकेटचं म्हणशील तर सरांची प्रत ही डुप्लिकेट नसतेच. समासात पेन्सिलीने काय लिहिलंय, कोणत्या पानात बसचं तिकीट आहे, कुणी सही करून दिलंय, ते दुसऱ्या प्रतीत नसतं. हे तुला खरं तर मी सांगायला नको होतं.

आता काम. कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक फळीचा फोटो काढ. फळीवरच्या क्रमाने यादी कर. सुटी चिठ्ठी निघाली तर कोणत्या दोन पानांमध्ये होती ते लिहून मगच पाकिटात घाल. आकडे पेन्सिलीने, शाईने नाही. मुखपृष्ठावर शिक्का मारू देऊ नकोस. कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीमध्ये या संग्रहाला वेगळा कलेक्शन कोड दे आणि पूर्वीची मालकी मार्कच्या, म्हणजे कॅटलॉग-नोंदीच्या ठरलेल्या नमुन्यातल्या, ५६१ क्रमांकाच्या फील्डमध्ये नोंदव. जागा नाहीच मिळाली आणि पुस्तकं खरंच वेगवेगळ्या मजल्यांवर गेली, तरी निदान कॅटलॉगमध्ये संग्रह एकत्र राहील. पण ही शेवटची माघार. बैठकीत आधीच देऊन बसू नकोस.

गोवा विद्यापीठाने इतिहासकार पिसुर्लेकरांचा आणि दामोदर कोसंबींचा संग्रह त्यांच्या नावाने वेगळा ठेवला आहे, हेही तिथे सांग. शेजारच्या विद्यापीठाला जमतं म्हटल्यावर समिती जरा ऐकते.

तुला विचारतील, पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जिन्यात बसतात आणि तुम्ही मेलेल्या माणसाच्या कपाटांना खोली देता? मलाही विचारायचे. मी हट्टी आहे, आडमुठी आहे, असंही म्हणायचे. मी त्या पोरांसाठी वाचनकक्षाच्या वेळा वाढवून घेतल्या, खुर्च्यांसाठी भांडले, पण खोली दिली नाही. आजही देणार नाही. खुर्च्या पुढच्या वर्षीही आणता येतात, विस्कटलेला संग्रह पुन्हा जुळत नाही. आणि हो, प्रत्येक देणगी घ्यावी असं मी म्हणत नाही. घेण्याआधी खुशाल नाही म्हणा. घेतल्यावर मात्र फोडायची नाही.

बैठकीत तोंडी बोलून थांबू नकोस. टिप्पणी लेखी दे, आवक क्रमांक घे, प्रत स्वतःकडे ठेव. पुस्तकं बाद करायच्या यादीवर त्या दिवशी सही करू नकोस, कुणीही कितीही घाई केली तरी. मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव, मी वाचून दुरुस्त्या कळवते.