पंखा किती अंशांवर सुरू व्हावा?

प्रश्न : जुन्या गाडीच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवलाय. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) ८२ अंशांचा आहे. मेकॅनिक म्हणतात, पंखा ८० लाच सुरू होऊ द्या. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. थर्मोस्टॅट ८२ ला उघडू लागतो, पूर्ण उघडायला ९५ च्या आसपास यावं लागतं. ८२ च्या आधी रेडिएटरमध्ये गरम पाणी फारसं जातच नाही, मग पंखा वारा कशाला घालणार? सेन्सर इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे असेल, तर ९५ ला चालू आणि ९० ला बंद होणारा स्विच घ्या. बंद होण्याचा आकडा नीट बघा. तो ८२ च्या खाली असला तर पंखा थांबायचं नावच घेत नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी तेवढं गार होऊ देत नाही. पंख्याची मोटर आणि वीज पुरवणारा अल्टरनेटर उगाच राबतात.

सेन्सर रेडिएटरच्या खालच्या नळीवर असेल तर पाच-दहा अंश कमी धरा. तिथलं पाणी निवून आलेलं असतं. ९५ ला घाबरू नका. रेडिएटरचं ०.९ बार दाबाचं झाकण शाबूत आणि निम्म्या पाण्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर उकळी ११५ च्या बरीच पुढे फुटते.

कूलंट भरल्यावर हवा मात्र नक्की काढा. सेन्सरपाशी बुडबुडा अडकला की इंजिन तापूनही पंखा फिरत नाही.