ऑर्ग-मोड (ईमॅक्स या एडिटरमधली कामांच्या आणि वेळेच्या नोंदी ठेवायची सोय): सोलापुरात टॉवेल-चादरींच्या डिझाइनची कामं घेतो. अजेंड्यात (दिवसवार कामांच्या यादीत) कामासोबत लागलेला वेळ कसा दाखवू? बेरजेत तिसऱ्या पातळीची कामं दिसत नाहीत.

अजेंडा उघडून आधी लहान 'एल' दाबा, मग शिफ्ट धरून 'आर'. 'एल'ने त्या-त्या दिवशी पूर्ण झालेली कामं आणि घड्याळाच्या नोंदी (काम कधी सुरू केलं, कधी थांबवलं) दिसतात, 'आर'ने खाली बेरजेचा तक्ता येतो. तुमची अडचण मात्र तक्त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आहे: मॅक्सलेव्हल, म्हणजे किती पातळ्यांपर्यंतची कामं दाखवायची तो आकडा, 2 असतो. 'ऑर्डर → चादर → जेकार्ड डिझाइन' अशी रचना असेल, तर डिझाइनचा वेळ 'चादर'मध्ये मिसळतो, हरवत नाही. 'ऑर्ग-अजेंडा-क्लॉकरिपोर्ट-पॅरामीटर-पीलिस्ट' या सेटिंगमध्ये तो आकडा 3 किंवा 4 करा.

'व्ही' आणि मग 'सी' दाबलंत की एकमेकांवर चढलेल्या नोंदी आणि 5 मिनिटांहून मोठ्या फटी दिसतात. (जेवणाची सुट्टीही चूक म्हणून येईल; 'गॅप-ओके-अराउंड' या सेटिंगमध्ये दुपारची वेळ घाला.) महिन्याचं बिल काढण्याआधी हे बघाच.

एक अट: चालू असलेलं घड्याळ बेरजेत धरलं जात नाही. आधी ते थांबवा, नाहीतर 'ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट-इन्क्लूड-क्लॉकिंग-टास्क' हे सेटिंग चालू करा.