फोनला पोच नसते

मिरजेहून एका वाचकाचे पत्र आहे. गृहकर्जासाठी गेले, तर क्रेडिट अहवालात ३८ हजारांचे थकीत ॲप-कर्ज निघाले. ते त्यांनी कधी घेतलेच नाही. आठ महिने ते ग्राहकसेवेला फोन करताहेत. आता विचारतात, नव्या डेटा कायद्याखाली (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) २५० कोटींचा दावा लावता येईल का? अशी पत्रे ढिगाने येतात.

नाही येणार. २५० कोटी ही दंडाची कमाल मर्यादा, आणि दंड जातो सरकारी तिजोरीत. २०२३च्या त्या कायद्यात तुम्हाला भरपाई देणारे कलमच नाही. वर नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये, आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून आणखी १८ महिन्यांची मुभा.

तुमचे सगळे अडले आहे ते ३० दिवसांच्या मुदतीवर. ती फोनवर सुरू होत नाही. क्रेडिट माहिती कंपनीकडे (सिबिलसारखी, जी हा अहवाल बनवते) किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे रीतसर तक्रार नोंदली गेली, तिचा क्रमांक हातात आला, की त्या तारखेपासून ३० दिवस मोजायचे. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून आहे. आठ महिन्यांपूर्वी एक ईमेल टाकला असता तर आज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आले असते.

दुसरे, तुम्ही ॲपवाल्याशी भांडताय. अहवाल उघडा. त्या कर्जाच्या ओळीत ॲपचे नव्हे, बहुधा एखाद्या वित्त कंपनीचे नाव असेल. तक्रार तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, प्रत क्रेडिट माहिती कंपनीकडे. कर्जाचा करार, केवायसीचा फोटो आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, हे तिन्ही लेखी मागा. खाते तुमचे नसेल तर निम्मे काम तिथेच होते.

पोलिसांत तक्रार द्याच. ओळख चोरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६क आहे (इंग्रजीतले सी). गुन्हा कधी नोंदला जाईल, आरोपी सापडेल का, यावर मी बोलत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४३अ खाली भरपाई मागता येईलही, पण कंपनीची हयगय दाखवावी लागेल, आणि ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

‘कटकट नको’ म्हणून तुम्ही एक हप्ता भरलात, हे पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे. ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात, कारणासह लिहा. समोरचा वकील तेच आधी काढणार आहे.