डोळ्याला मुका मार : लाली गेली, पडद्याचं काय?

प्रश्न : होम मैदानावर खेळताना माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर टेनिसचा चेंडू बसला. चार दिवसांत लाली गेली. तो ‘नीट दिसतंय’ म्हणतो. तरी दाखवायला हवं का? – बाळीवेस

उत्तर : हवंच, आणि उद्याच दाखवा. लाली डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाची असते. ती गेल्यावरून आतल्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, काहीच कळत नाही. चेंडू आदळला की डोळा पुढून मागे क्षणभर चेपतो आणि बाजूंनी फुगतो. त्या हिसक्याने पडद्याचा काही भाग दुधाळ पांढरा पडतो. ही सूज बहुधा ३-४ आठवड्यांत ओसरते. पण ज्या मधल्या जागेने आपण वाचतो तिथे जबर मार असेल, तर नजर कायमची अधू राहू शकते.

दुसरी इजा अधिक फसवी आहे. चादरीची किनार उसवावी तसा पडदा कडेला उसवतो. मुलांच्या डोळ्यातली जेली घट्ट असते, त्यामुळे तो लगेच सुटून येत नाही. आठवडे, कधी महिने जातात. तोवर दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि लेकरू तक्रारच करत नाही.

घरी एवढं करा : एका डोळ्यावर तळहात ठेवा, दाबू नका, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथीची बारीक अक्षरं वाचायला सांगा. मग दुसऱ्या डोळ्याने तेवढ्याच अंतरावरून. फरक पडला तर त्याच दिवशी निघा. फरक नसला तरी निर्धास्त होऊ नका, कारण कडेचं उसवणं या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करूनच पडदा बघावा लागतो : आता, महिन्याने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. मधेच चमका, काळे ठिपके किंवा बाजूने सावली दिसली, तर तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : रंगपंचमीला पाण्याचा फुगा लागून मुलीच्या बुबुळासमोर रक्त साचलंय. डॉक्टर पळू नको म्हणतात, ती ऐकत नाही. – विडी घरकुल

उत्तर : ऐकायला लावा. पहिल्या रक्तस्रावापेक्षा पुन्हा होणारा रक्तस्राव जास्त नुकसान करतो, आणि त्याचा धोका साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो. झोपताना डोकं दोन उशांवर उंच ठेवा, म्हणजे रक्त खाली बसतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात. रक्त गेलं तरी डोळ्याचा दाब दरवर्षी मोजून घ्या. अशा डोळ्यात काचबिंदू कित्येक वर्षांनीही होतो.

प्रश्न : बाहुली मोठी करायच्या थेंबांना मुलगा डोळाच उघडत नाही. – अक्कलकोट

उत्तर : उताणं झोपवा, डोळे मिटूनच राहू दे. नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा; पापणी उघडली की आपोआप आत जातो. नंतर काही तास, काही थेंबांनी दिवसभर, जवळचं धूसर दिसतं. आपल्याकडच्या उन्हात टोपी हवीच. मात्र घरातले उरलेले थेंब डॉक्टरांना न विचारता कधीही घालू नका.

प्रश्न : मार लागला त्या क्षणी काय करावं? – बार्शी

उत्तर : पहिला हात पदराकडे जातो : बोळा करायचा, फुंकर मारून गरम करायचा, डोळ्यावर दाबायचा. मायेने केलं तरी हेच टाळा. डोळा आतून फाटला असेल तर त्या दाबाने आतलं बाहेर येतं. चोळू नका, मध किंवा दूध घालू नका. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवा. कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकल्या पाहिजेत. तो चिकटपट्टीने बसवा आणि निघा.

बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली, दिसेनासं झालं, किंवा डोळा पांढराशुभ्र असूनही वर बघताना दोन-दोन दिसून उलट्या होत असतील, तर रात्र असली तरी थांबू नका. उलट्यांना पित्त समजून पोरं घरी राहतात. खोबणीच्या मोडलेल्या हाडात स्नायू अडकल्यानेही त्या होतात. अशा वेळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.