मुलगा पाळक व्हायचं म्हणतोय

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई साताऱ्यात राहतात, पती एमआयडीसीत फिटर आहेत. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र, गुण चांगले. तो त्यांच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेतो, नाताळच्या कॅरोलला पेटी वाजवतो. दिवाळीनंतर त्यानं घरात सांगितलं, की मला नोकरी शोधायची नाही, सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जाऊन पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू व्हायचंय. तेव्हापासून वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत. ताई लिहितात, "देवाच्या कामाला नाही कसं म्हणू? पण आमच्या जुन्या पाळकसाहेबांची ओढाताण मी डोळ्यांनी बघितली आहे. तुम्ही त्याला जरा समजावून सांगा."

ताई, समजावून सांगणं म्हणजे त्याला या वाटेवरून मागे फिरवणं असेल, तर ते मी करणार नाही. त्याला खरंच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं आहे का, हे ठरवणंही माझ्याकडे नाही. तो त्याचा आणि तुमच्या मंडळीचा विषय आहे. मी बोलू शकते ते कामाबद्दल, आणि त्याबद्दल माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या मुलानं आजवर पाळकांचा रविवार बघितलाय. अर्ज भरण्याआधी त्यानं सोमवार ते शनिवार बघावा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तरुण पाळकांशी निवांत बोलले. तिशी अजून यायची आहे, पाळकपदाची दीक्षा होऊन फार दिवस झालेले नाहीत. आठवडा कसा जातो असं विचारल्यावर त्यांनी डायरी काढली आणि नावांवर अंगठा ठेवून मला एक पान दाखवलं. सगळ्यात वर एका आजोबांच्या गोळ्यांची नावं होती. आजोबांची मुलं पुण्याला, औषधं आणून द्यायला घरात कोणी नाही. त्याखाली सभागृहाच्या वीजबिलाचा आकडा, ज्यावरून चर्चच्या कमिटीत खडाजंगी झाली होती. मग एका मुलीचा दहावीचा बैठक क्रमांक, कारण निकाल पाळकसाहेबांनीच मोबाईलवर बघून सांगायचा असं तिनं बजावलं होतं. आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं रविवारच्या उपदेशासाठी बायबलमधलं वचन. पुढे कोरं. त्या दिवशी शुक्रवार होता.

हे पान मी मुद्दाम सांगितलं. संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्ट सांगताना जो आनंद तुमच्या मुलाला मिळतो तो खरा आहे, आणि पाळक झाल्यावरही तो त्याला मिळेल. पण दिवसाचा मोठा भाग गोळ्या, वीजबिल आणि बैठक क्रमांकातच जाणार आहे. ज्याला या गोष्टी उपदेशाच्या आड येणारी अडचण वाटतात, तो या कामात लवकर थकतो. ज्याला त्या कामाचाच भाग वाटतात, त्याला पगार कमी असूनही मी टिकलेलं पाहिलं आहे.

कष्टाबद्दल सांगते. दर रविवारी उपदेश म्हणजे वर्षाला 52, त्यात गुड फ्रायडे आणि नाताळ वेगळे. ऐकणारी माणसं तीच. पहिल्या वर्षी सेमिनरीच्या वह्या कामाला येतात, पुढे स्वतःचं वाचन नसेल तर शनिवारची रात्र जड जाते. दुसरं म्हणजे वय. मंडळीतले ज्येष्ठ त्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या वयाचे असतात. "आधीचे पाळकसाहेब असं करायचे" हे वाक्य त्याला वर्षानुवर्षं ऐकावं लागेल. कमिटीत दोन घराण्यांचं जुनं वैर असेल, तर दोघांकडे चहा प्यायचा आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. माझ्याशी बोलताना नावांवर ठेवलेला तो अंगठा मला फार महत्त्वाचा वाटला. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

यातूनच एकटेपण येतं. सगळे आपलं दुखणं पाळकांना सांगतात, पाळकांनी कोणाला सांगायचं? हे तरुण पाळक म्हणाले, की पहिल्या दफनविधीनंतर ते घरी आले, जेवले, आणि रात्रभर जागे राहिले. गेलेला माणूस त्यांच्याच वयाचा होता, अपघात झाला होता. सिव्हिल हॉस्पिटलमधून मध्यरात्री फोन आला तेव्हा काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ते त्याच्या आईशेजारी बाकावर नुसते बसून राहिले. पुढे कितीतरी दिवसांनी त्या माउलीनं सांगितलं, की त्या रात्री तुम्ही काही बोलला नाहीत तेच बरं झालं. आता ते महिन्यातून एकदा पुण्याला आपल्या जुन्या प्राध्यापकांना भेटून येतात आणि मन मोकळं करतात. तुमच्या मुलानंही असं एखादं माणूस आधीपासून जोडून ठेवावं.

आणि आनंद? हे विचारल्यावर त्या तरुण पाळकांचा चेहरा बदलला. एक आजी आहेत, दृष्टी गेलेली, चर्चला येणं होत नाही. हे पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधल्या विधीतला प्रसाद घेऊन त्यांच्याकडे जातात. दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला की आजी पदर सावरून बसतात आणि हे आत येण्याआधीच रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू करतात, सगळी कडवी तोंडपाठ. डिसेंबरात कॅरोलची फेरी वस्तीवरच्या शेवटच्या घरी पोचते तेव्हा पहाट व्हायला आलेली असते, तरी त्या घरी करंज्या आणि चहा तयार असतो. ज्या जोडप्याचं लग्न लावलं त्यांच्या बाळाचा बाप्तिस्माही आपल्याच हातून झाला, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. माणसांच्या आयुष्यात इतक्या आतपर्यंत जाऊ देणारी कामं थोडीच असतात, ताई.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीला आपल्या साताऱ्यातच राहिले होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. 1919 मध्ये ते गेले. त्यांची भजनं आज मंडळ्यांमध्ये टाळ-पेटीवर गायली जातात. त्यांच्या त्यागाबद्दल मला मोठा आदर आहे. पण त्यागाचा निर्णय एक माणूस घेतो आणि त्याची झळ सगळ्या घराला लागते, हेही तितकंच खरं, म्हणून पैशांचं उघड बोलू या.

मानधन मंडळीगणिक बदलतं. मुलानं धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या मंडळ्यांच्या कार्यालयात ते थेट विचारावं: सुरुवातीला किती, दर महिन्याला वेळेवर मिळतं का, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आजारपणाचा खर्च कोण करतं. हे विचारण्यात श्रद्धा कमी पडत नाही. राहायला घर मिळतं, पण ते मंडळीचं असतं. बदली झाली की सोडायचं, निवृत्त झाल्यावरही सोडायचं. उमेदीत घर मिळालं म्हणून निर्धास्त राहिलेले पाळक साठीनंतर भाड्याची खोली शोधताना दिसतात. तुमच्या जुन्या पाळकसाहेबांची ओढाताण अशीच असावी, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. म्हणून पहिल्या मानधनापासून पीपीएफचं, म्हणजे सरकारी भविष्यनिर्वाह निधीचं खातं उघडायचं. वर्षाला किमान 500 रुपये भरले तरी ते चालू राहतं, मुदत 15 वर्षं. जमेल तसं वाढवत न्यायचं. सोबत आरोग्यविमा घ्यायचा, आणि बायकोनं आपली नोकरी चालू ठेवावी. मुलगी कोण देणार, असं तुम्ही विचारलंय. ज्या मुलीला हे आयुष्य आधी नीट सांगितलंय तीच मुलगी त्याला हवी. पाळकांची बायको म्हणून महिला मंडळ, संडे स्कूल आणि पाहुणचार तिनं बिनबोभाट सांभाळावा अशी अपेक्षा असते. तिला ते करायचं आहे का, हे लग्नाआधी विचारलं गेलं पाहिजे.

आता शिक्षण. बी.एस्सी. पूर्ण करायचीच, याला पर्याय नाही. सेमिनरीतली पदवी म्हणजे बी.डी., बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, आणि बी.एस्सी.सारख्या पदवीनंतर तिला साधारण चार वर्षं लागतात. आपल्याकडच्या अनेक सेमिनरींची ही पदवी बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची असते. सेरामपूर कॉलेज 1818 चं, पदव्या देण्याची सनद त्याला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. आपल्याला जवळ म्हणजे पुणे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, मूळची यवतमाळची, 1983 मध्ये पुण्यात आली. तिथं शिकवणं इंग्रजीतून होतं, ग्रीक आणि हिब्रूची ओळख होते. मुलाचं इंग्रजी वाचन आतापासून वाढवा. पण उपदेश त्याला मराठीतच करायचा आहे, आणि सेमिनरीतून आलेल्या काही मुलांचा उपदेश गावातल्या बायाबापड्यांच्या डोक्यावरून जातो. त्यानं मराठी बायबल मोठ्यानं वाचण्याची सवय ठेवावी.

तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथं नुसती पदवी घेऊन कोणी पाळक होत नाही. मंडळीची शिफारस लागते, धर्मप्रांताची मुलाखत होते, आधी डीकन (पहिली पायरी) आणि मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक) अशी दीक्षा मिळते. शिफारस आधी घ्या. स्वतःच्या खर्चानं शिकून आल्यावर जागाच नाही, असं झालेली मुलं माझ्याकडे येतात.

माझा सल्ला असा. परीक्षा झाली की त्यानं लगेच सेमिनरीत जाऊ नये. एक वर्ष एमआयडीसीतल्या एखाद्या प्रयोगशाळेत क्वालिटी कंट्रोलची नोकरी करावी. हातात पैसा येऊ दे, वरिष्ठांचं ऐकून घेण्याची सवय होऊ दे. मंडळीतले बहुतेक लोक जशी नोकरी करतात तशी त्यानंही केलेली असू दे. संध्याकाळी आणि सुटीला पाळकसाहेबांबरोबर जावं: हॉस्पिटलच्या वॉर्डात, सांत्वनाला, दफनभूमीत, कमिटीच्या बैठकीत इतिवृत्त लिहायला. तुम्ही फक्त एवढंच बघा, की या कामांवरून तो घरी कसा येतो. दमलेला पण बोलका येत असेल, आजीनं काय सांगितलं ते तुम्हाला सांगत असेल, तर त्याला अडवू नका. दर वेळी चिडून येत असेल आणि त्याचं लक्ष फक्त रविवारच्या व्यासपीठाकडे असेल, तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) किंवा बी.एड. करून संडे स्कूल आयुष्यभर घेता येतं. तीही सेवाच आहे.

वडिलांचं मात्र मला आजच सांगायचंय. ते रागावलेत असं तुम्ही लिहिलंय. मला ते घाबरलेले वाटतात. मुलगा शिकून आपल्यापेक्षा बरं कमवेल, या आशेवर त्यांनी शिफ्टमागून शिफ्ट केल्या आहेत. मुलानं त्यांना वचनं ऐकवू नयेत. वर सांगितलेले पैशांचे चार प्रश्न कागदावर लिहावेत आणि "बाबा, हे विचारायला माझ्याबरोबर चला," असं म्हणावं. धर्मप्रांताच्या कार्यालयात दोघांनी मिळून जावं. त्यानंतर एखाद्या सुटीच्या दिवशी पुण्याची सेमिनरीही बघून यावी. सकाळच्या एस.टी.नं निघालात तर संध्याकाळपर्यंत साताऱ्यात परत येता. जाण्याआधी फोन करून वेळ घ्या, आणि प्रवेशअर्जाची मुदत त्याच फोनवर विचारा.