आठ आण्यांचे पन्नास पैसे कसे?

प्रश्न : आईच्या डब्यात तांबूस रंगाचं एक चिमुकलं नाणं सापडलं. त्यावर १९५७ साल आणि ‘रुपये का सौवाँ भाग, नया पैसा’ असं लिहिलंय. हा ‘नया’ कशासाठी? आणि पन्नास पैशांना आपण आठ आणे का म्हणतो? नाणं घासून चकचकीत करू का? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी शेवटचं. घासू नका! चिंच, लिंबू, राखुंडी काही लावू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत. तसंही ही नाणी भरपूर पाडली होती, तेव्हा लाखाची स्वप्नं पाहू नका.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर भाग झाले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि इस्लामपूरला वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसायचो. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. ही जुनी नाणीही काही काळ चालूच राहणार होती. जुन्या आणि नव्या पैशाची गल्लत होऊ नये म्हणून नव्याला ‘नया’ म्हटलं आणि तो रुपयाचा कितवा भाग हे त्याच्यावरच छापलं. १ जून १९६४ला ‘नया’ गळला.

शाळेत आम्हाला जुना हिशेब अवघड म्हणून सांगत. मला तो आजही शहाणा वाटतो. रुपया निम्मा केला की अधेली, ती निम्मी की पावली, मग चवली, मग आणा. तसंच खाली पैशापर्यंत, कुठे अडत नाही. तिघा भावांत वाटायचा तरी पाच आणे चार पया, चोख. पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ असलेल्या माणसाला कागद लागत नसे. शंभराचं तसं नाही. पन्नास, पंचवीस आणि पुढे साडेबारा!

आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून आण्यांचे नवे पैसे करायच्या कोष्टकात आण्याला सहा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना मात्र पंचवीस. वडिलांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवून खिळ्याला टांगलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींना त्यातली मेख पहिल्याच आठवड्यात कळली. चार आण्यांची चहापूड एकदम न्यायची सोडून त्या आण्या-आण्याची पुडी चार खेपांत न्यायच्या. पंचवीसऐवजी चोवीस! वडील पुडी बांधता बांधता पुटपुटायचे, “म्हातारी आज पण पैसा खाऊन गेली.” त्यात दोऱ्याचा आणि कागदाचा खर्च वेगळाच.

अर्धा आणि पाव रुपया मात्र नव्या हिशेबातही नेमके बसले. त्यामुळे पन्नासचं नाणं हातात आलं तरी तोंडात आठ आणेच राहिले, पंचवीसचे चार आणे आणि पंचाहत्तरचे बारा आणे. पाच पैशांना आणा म्हणताना कोणाला ऐकलंय का? बसत नव्हतं, म्हणून राहिलं नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली, तेव्हा चार आणेही हातातून सुटले.

तुमचं नाणं मऊ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते.