तिसरीतली मुलगी 52 − 27 = 35 असं लिहिते, हा निष्काळजीपणा आहे का?

नाही, बहुतेक वेळा हा निष्काळजीपणा नसतो. मुलगी एक चुकीचा नियम अगदी इमानेइतबारे पाळत असते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ती सरळ 7 मधून 2 काढते, उरले 5. मग 5 मधून 2 गेले, उरले 3. झाले 35. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 साली वजाबाकीतल्या अशाच चुकांवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातल्या पुष्कळशा चुका ठरावीक पद्धतीने होतात, इतक्या की पुढचं चुकीचं उत्तरही आधीच सांगता येतं, असं त्यांना आढळलं. तुम्हीच ताडून पाहा: 71 − 38 द्या. उत्तर 47 आलं तर हाच प्रकार. 68 − 25 मात्र ती बरोबर सोडवेल, कारण तिथे हातचा लागतच नाही (म्हणूनच ही चूक घरी पटकन लक्षात येत नाही). अशा वेळी आणखी वीस गणितं घातलीत तर तोच नियम पक्का होईल. त्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा आणि 27 काढून द्यायला सांगा. गठ्ठा सोडल्याशिवाय सात सुट्या मिळतच नाहीत. फक्त एकाच कागदावरून निदान करू नका: कर्ट व्हॅनलेन यांच्या पुढच्या कामात दिसलं, की अडलेली मुलं चुकीची पद्धत बदलतातही, आज एक तर चार दिवसांनी दुसरीच.